ताटाच्या डाव्या बाजूची बाजू

मराठी माणसाच्या ताटाला दोन बाजू असतात. उजवीकडे भाजी, आमटी, उसळ अशी वजनदार मंडळी; डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर. उजव्या बाजूला वाढपी पुन्हा पुन्हा येतो, आग्रह करतो, प्रसंगी शपथ घालतो. डाव्या बाजूला तो एकदाच येतो आणि चमच्याच्या टोकाने काहीतरी टेकवून पुढे सरकतो. चटणी-लोणच्याच्या बाबतीत हे योग्यच आहे. लोणचे ही काही वाटीभर खाण्याची वस्तू नव्हे. पण कोशिंबीर त्या रांगेत कशी जाऊन बसली आणि तिच्या वतीने आजवर कोणी ब्रदेखील कसा काढला नाही, याचे मला नवल वाटत आले आहे. चटणी जिभेसाठी असते, कोशिंबीर पोटासाठी. आणि आपण पोटाची वस्तू जिभेच्या मापाने वाढतो!

याच अंकात परीक्षापद्धतीवर, बेकारीवर, मराठीच्या भवितव्यावर लेख असतील आणि ते असावेतही. त्यांच्या पंगतीत काकडी-गाजराचा विषय आलेला पाहून काही गुरुजन चष्मा पुसून पुन्हा शीर्षक वाचतील, याची मला कल्पना आहे. पण विषय वाटतो तेवढा हलका नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे : घरात कोशिंबीर रोज व्हावी, वाटीभर व्हावी, आणि ती स्वयंपाक करणाऱ्या बाईने करू नये. पहिल्या दोन गोष्टींना कोणी हरकत घेणार नाही. तिसरीसाठीच हा सारा खटाटोप.

आधी एक गोंधळ दूर केला पाहिजे. हॉटेलात आणि वसतिगृहाच्या मेसमध्ये 'सॅलड' या नावाखाली काकडीच्या चार चकत्या, कांद्याची दोन कडी आणि बिटाचा एक लाल तुकडा बशीत मांडून देतात. ती कोशिंबीर नव्हे. ते कोशिंबिरीचे सामान आहे. विटा, वाळू आणि चुना अंगणात आणून टाकला म्हणजे घर होत नाही. कोशिंबिरीत चिरलेल्या किंवा किसलेल्या भाजीला मीठ, आंबट, गोड, तिखट आणि थोडा स्निग्धांश एवढे सगळे लागते आणि ते एकमेकांत मुरावे लागते. मात्र फार मुरूनही चालत नाही. तिचे सगळे शास्त्र या 'फार नाही' मध्ये आहे.

गंमत अशी की, सॅलड हा शब्दही मुळात मिठावरूनच आलेला आहे. लॅटिनमध्ये मिठाला 'साल' म्हणतात. सॅलड म्हणजे मीठ लावलेले. तेव्हा दोन्हींचे मूळ एकच. पण मीठ ही वस्तू मोठी कारस्थानी. काकडीत शंभर भागांत पंचाण्णवच्या आसपास पाणीच असते. तिला मीठ लागले की ते पाणी पेशींच्या बाहेर ओढले जाते. विज्ञान शाखेचे मित्र याला परासरण म्हणतात, आमच्या घरी 'पाणी सुटणे' म्हणतात. मीठ घालून अर्धा तास गेला की काकडी मऊ पडते, दही पातळ होते आणि खमंग पदार्थाचे सार होऊन बसते. म्हणजे कोशिंबीर सकाळी करून ठेवता येत नाही. आमटी सकाळची संध्याकाळी चालते, भाजी पुन्हा गरम करता येते, पण कोशिंबीर ताट मांडल्यावरच कालवावी लागते.

आणि इथेच खरी मेख आहे.

घराघरातले दृश्य आठवा. मंडळी पाटावर म्हणा, टेबलाशी म्हणा, बसलेली आहेत. तव्यावर पोळी आहे. पोळी करणारीचे दोन्ही हात पिठाचे. अशा नेमक्या क्षणी काकडी चोचवायची, मिरची वाटायची, मीठ-साखर घालायची, फोडणी करायची आणि वाढायची. चौथा हात नसल्यामुळे ती काय करते? एक तर कोशिंबीर करतच नाही. किंवा आधी करून ठेवते आणि मग सगळ्यांकडून 'आज पाणचट झाली' असा शेरा ऐकून घेते. किंवा ऐन वेळी करते आणि स्वतः शेवटी जेवायला बसते, तोपर्यंत वाटी निपटलेली असते. घरात पाहुणे आले, बाईची नोकरी सुरू झाली, मुलाची परीक्षा आली की ताटातून पहिला पदार्थ जातो तो हाच. कोशिंबीर गेली म्हणून कोणी उपाशी उठत नाही, म्हणून ती गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

ही काही केवळ चवीची हानी नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या वर्गातल्या मुली, त्यांच्या बहिणी आणि आपल्या सर्वांच्या घरच्या वहिन्या याच वयोगटातल्या. आपले लोह बहुतांशी धान्य, कडधान्य आणि पालेभाजीतून येते, आणि ते शरीराच्या पदरात सहजासहजी पडत नाही. त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व असले तर ते अधिक शोषले जाते. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नासते, म्हणून शिजवलेल्या भाजीत ते थोडेच उरते. ते मिळायचे तर कच्च्या पदार्थातून : लिंबातून, पेरूतून, कोबीतून, कोथिंबिरीतून, आवळ्यातून. (उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाच्या आड येतो, हे चहाबाज प्राध्यापक-मंडळींनी क्षमा करून वाचावे.) कोशिंबिरीने रक्तक्षय बरा होतो असे मी म्हणत नाही. त्याला डॉक्टर आणि लोहाच्या गोळ्याच लागतात. पण ज्या वाटीची सर्वांत जास्त गरज जिला आहे, तिच्याच वाट्याला ती रिकामी यावी, हा हिशेब कोणत्या अर्थशास्त्रात बसतो ते आमच्या सरांनी सांगावे.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. तेव्हापासून स्त्रीमुक्ती हा आपल्या वक्तृत्व स्पर्धांचा हुकमी विषय आहे. मी असे अनेक वक्ते ऐकले आहेत, की जे 'तिच्या पायातल्या शृंखला' म्हणताना मूठ आवळतात आणि घरी गेल्यावर त्याच मुठीने पाण्याचा तांब्याही उचलत नाहीत. स्त्रीमुक्तीवर दहा गुणांचे उत्तर लिहिणे आणि पाच जणांपुरती काकडी चोचवणे यांत सोपे काय, हे मला विचाराल तर मी उत्तरपत्रिका निवडीन. पण उपयोगाचे काय, असे विचाराल तर काकडी.

मुलांची यावर एक ठरलेली सबब असते : आम्हाला स्वयंपाक येत नाही. पोळी भाजते, भात लागतो, दूध उतू जाते. कबूल. कोशिंबिरीपुढे मात्र ही सबब टिकत नाही, कारण तिला विस्तवच लागत नाही. करपण्याचे भय नाही, कच्चे राहण्याचे तर नाहीच, कारण ती कच्चीच असायची असते! गोल लाटण्याची परीक्षा नाही. एक सुरी, एक किसणी, एक पातेले आणि धुतलेले हात एवढे भांडवल पुरते. आपल्याकडे पाकक्रियेची पुस्तके मुलीच्या लग्नात देण्याची वस्तू समजतात. कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले. वाटी-चमच्याच्या मापाने समजावून सांगणारे ते पुस्तक किती नवऱ्या मुलींच्या पेटीतून सासरी गेले असेल! नवऱ्या मुलाला ते कोणी आहेर म्हणून दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्याला मिळते घड्याळ, म्हणजे जेवायला किती वाजता बसायचे ते त्याला कळते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळतो, कारण नुसते मत देऊन बाजूला होणे बरे नव्हे.

सुरुवात खमंग काकडीपासून करावी. काकडी धुवावी, दोन्ही टोके कापून एक चकती चाखून पाहावी. कडू निघाली तर टाकून द्यावी. टोक घासून कडूपणा काढण्याची युक्ती घराघरात सांगतात, पण खरी कडू काकडी त्या युक्तीला दाद देत नाही. साल काढावी. मग काकडी डाव्या हातात आडवी धरून सुरीने तिच्यावर लांबट, जवळजवळ असे घाव घालत जावे, आणि मग वरचा थर कापून काढावा. बारीक, सुटे तुकडे पडतात. यालाच चोचवणे म्हणतात. हा शब्द आपल्या पिढीबरोबर नाहीसा होण्याच्या बेतात आहे, म्हणून मुद्दाम लिहिला. किसणीने काम लवकर होते हे खरे. पण किसताना काकडीचा चोथा होतो आणि पाणी दुप्पट वेगाने सुटते. चोचवलेली काकडी दाताखाली कुरकुरते. ज्याला हे जमत नाही त्याने सरळ बारीक चिरावी, चोचवणे पुढच्या वर्षी.

दोन मध्यम काकड्यांना मूठभर भाजलेल्या दाण्याचे कूट, एक बारीक चिरलेली हिरवी मिरची, चिमटीभर साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिरलेली कोथिंबीर. असले तर ओले खोबरे. कूट जरा जाडसर असावे. ते सुटणारे पाणी धरून ठेवते, म्हणून तेही काकडीसारखेच शेवटी घालायचे. सगळे एकत्र करून ठेवावे आणि मीठ मात्र घालू नये. मंडळी बसली, पहिला घास तोंडापर्यंत आला की मीठ घालून कालवावे आणि वाढावे. काही घरांत काकडीला आधी मीठ लावून पाणी पिळून टाकतात. त्याने कोशिंबीर कोरडी राहते, पण पाण्याबरोबर बरेच सत्त्वही मोरीत जाते. पिळायचेच असेल तर ते पाणी थालिपिठाच्या पिठात घालावे. थालिपीठ मऊ होते आणि मीठ वेगळे घालावे लागत नाही.

फोडणीचा प्रश्न येतो. घरी असाल तर तुपाची किंवा तेलाची जिरे-हिंगाची फोडणी वरून ओतावी. वसतिगृहात शेगडीला बंदी. मग आमच्या मराठवाड्या-खानदेशच्या मित्रांचा घोळाणा पाहावा. कोवळी मेथी किंवा कांद्याची पात बारीक चिरायची, दाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चे तेल, झाला घोळाणा. भाकरीबरोबर तो असताना भाजीची आठवण होत नाही. 'कच्चे तेल कसले खायचे' म्हणून पुण्या-मुंबईचे मित्र आधी नाक मुरडतात आणि मग बोटे चाटतात. तेलाचे काम नुसते चवीचे नाही. गाजरातल्या ज्या रंगद्रव्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवते, ते स्निग्धांशाशिवाय नीट शोषले जात नाही. तेव्हा किसलेल्या गाजरावर चमचाभर तेल किंवा तूप घालणारी आजी शास्त्र न शिकताही शास्त्राला धरून होती.

फळांच्या कोशिंबिरीविषयी मात्र मला थोडे रेंगाळल्याशिवाय राहवत नाही. फळे म्हटली की आपल्याकडे एक तर ती आजाऱ्याला नेऊन द्यायची, नाहीतर दुधात घालून त्यांचे फ्रूट सॅलड करायचे आणि साखरेने त्यांची ओळख पुसून टाकायची. वास्तविक फळ मीठ आणि तिखटाबरोबर जितके खुलते तितके साखरेबरोबर खुलत नाही. जळगावची केळी, सोलापूरकडची डाळिंबे, नाशिकची द्राक्षे, नागपूरची संत्री. एका राज्यात एवढा ऐवज असून आपण त्याचा जेवणात काय उपयोग करतो?

केळ्याची कोशिंबीर अशी करतात : घट्ट, फार आंबट नसलेले दही घोटून घ्यायचे. चमचाभर मोहरी थोड्या पाण्याबरोबर खलात फेसायची. हे फेसणे महत्त्वाचे. मोहरीचा दाणा तसाच चावला तर तो नुसता कडवट लागतो. पण पाण्याबरोबर रगडला की त्यातली दोन द्रव्ये एकमेकांना भेटतात आणि नाकात झिणझिण्या आणणारा तिखटपणा तयार होतो. गरम फोडणीत हा तिखटपणा उतरत नाही, तेथे मोहरीचे वेगळेच रूप. फेसलेली मोहरी दह्यात मिसळायची, मीठ आणि किंचित साखर घालायची, आणि अगदी शेवटी केळ्याच्या चकत्या. केळे आधी चिरून ठेवले की काळे पडते, सफरचंदाचेही तसेच. लिंबाचा रस लावला तर ते काळे पडणे लांबते. वरून डाळिंबाचे दाणे टाकले तर डोळ्यांनाही जेवल्यासारखे वाटते. पेरू असेल तर बियांचा गर काढून बाहेरचा भाग चिरावा. पेरूत संत्र्याच्या साधारण चौपट 'क' जीवनसत्त्व असते आणि किंमत मात्र सहसा संत्र्याहून कमी, हे गरिबाच्या फळाचे श्रीमंत गुपित आपण का बोलून दाखवत नाही कोण जाणे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला होणारी कैरीची डाळ हीदेखील मी याच कुळात घालतो. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, वाटून, कच्चीच. वर किसलेली कैरी. आमच्या वाट्याला ती वर्षातून एकदा वाटीत येते आणि तीसुद्धा बहिणीच्या कृपेने.

कोणी म्हणेल, मग सगळेच कच्चे खा की! असे म्हणणारे आणि करणारे पंथ जगात झाले आहेत. गांधीजींनी १८९३ साली प्रिटोरियात न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला आणि तो लवकरच सोडला. १९२९ साली साबरमतीच्या आश्रमात तो पुन्हा मांडला आणि प्रकृतीमुळे पुन्हा सोडावा लागला. गांधीजींसारख्या हट्टी प्रयोगकर्त्याला जे झेपले नाही ते आपण न केलेले बरे. राजमा कच्चा खाल्ला तर पोट धड राहत नाही. टोमॅटोतले काही गुण शिजवल्यावरच अधिक लागू पडतात. चूल ही माणसाने विनाकारण पेटवलेली नाही. माझी मागणी एका वाटीची आहे, चूल विझवण्याची नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. कच्च्या भाजीबरोबर माती येते, आणि मातीबरोबर जंत, आमांश, विषमज्वर. शहरांभोवती कितीतरी ठिकाणी भाजी सांडपाण्यावर पिकते, हे डोळ्यांनी दिसते. पावसाळ्यात पालेभाजी कच्ची खाऊच नये, या मताचा मी आहे. तेव्हा घोळाणा हिवाळ्याचा. बाकीच्या दिवसांत भाजी चिरण्याआधी धुवावी, चिरल्यावर नव्हे; पिण्याच्या पाण्याने धुवावी, सालीची असेल तिची साल काढावी, कोबीची वरची पाने टाकून द्यावीत, आणि सुरी धरणाराने आधी साबणाने हात धुवावेत. रस्त्यावर उघड्यावर चिरून ठेवलेली फळे आणि रंगीत डब्यातले कालचे सॅलड यांपासून दूर राहावे. घरच्या कोशिंबिरीचा खरा फायदा हाच, की ती कोणी, कधी आणि कोणत्या पाण्याने केली हे आपल्याला ठाऊक असते.

तिसरा आक्षेप माझ्या एका खोलीमित्राचा. तो म्हणतो, 'घरी मी विळीला हात लावला तर आईलाच वाईट वाटेल.' हे खोटे नाही. पुष्कळ आयांना मुलगा स्वयंपाकघरात शिरलेला रुचत नाही. त्याने पसारा होतो, आणि शेजारीण पाहील ही धास्ती वेगळी. पण याला उपाय आहे. स्वयंपाकघरात शिरूच नये. काकडी, सुरी आणि पातेले घेऊन बाहेर बसावे, वर्तमानपत्र पसरून सालींची सोय करावी, आणि मंडळी जमली की शेवटचे मीठ घालून आईला म्हणावे, 'आई, तूही आत्ताच बस. पोळ्या सगळ्यांच्या एकदम होऊ देत, गार खाऊ.' गार पोळीबरोबर ताजी कोशिंबीर चांगली लागते. गरम पोळीचा हट्ट सुटला तरच तिचे पान सर्वांबरोबर मांडले जाईल. कोशिंबीर हे त्या हट्टाच्या बदल्यात देण्याचे नाणे आहे. वडिलांना हे पटवणे अवघड जाईल. त्यांच्याकडे लिंबू पिळण्याचे काम सोपवून पाहावे.

आता आपल्या मेसविषयी. दरमहा मेस-कमिटीत 'सॅलड चांगले नाही' अशी तक्रार होते, आणि दरमहा आचारी सांगतो की दोनशे ताटांची काकडी वेळेवर चिरायला माणूस नाही. त्याचेही बरोबर आहे. मीठ लावून ठेवली तर पाणी सुटते, न लावता ठेवली तर सुकते. म्हणून सूचना अशी : मेसने चिरलेली भाजी देणे बंद करावे. धुतलेल्या अख्ख्या काकड्या, गाजरे, मुळे, टोमॅटो आणि लिंबे एका टेबलावर ठेवावीत. शेजारी दाण्याच्या कुटाचा डबा, मीठ, साखर, तेलाची बाटली आणि झाकणाच्या भांड्यात दही. प्रत्येक टेबलावरच्या सहा जणांपैकी एकाने, पाळीपाळीने, आपल्या टेबलाची कोशिंबीर करावी. पाळीचा कागद भिंतीवर लावावा, त्यात मुलांची आणि मुलींची नावे एकाच यादीत असावीत, आणि 'तू छान करतेस, तूच कर' ही सवलत कोणालाही मिळू नये. सुऱ्या दहा पुरतील. किसण्या मात्र डझनभर घ्याव्या लागतील, आणि त्या स्टीलच्या घ्याव्यात. पत्र्याच्या किसण्या मिठा-लिंबाने गंजतात. खर्चाचा अंदाज मी कमिटीच्या चिटणिसांकडे दिला आहे.